जावईबापूंची डोंगरसहल

वाशी,
मंगळवार, ३१ मे १९८८

चि. सौ. चारू,

आशीर्वाद. मी धडधाकट आहे हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल. मालतीमावशीला नमस्कार सांग. तिने एसटीबरोबर पाठवलेली आंब्याची साठं पोचली. ड्रायव्हरच्या सीटखाली तापून त्यांचा लगदा झाला होता, पण चमच्याने खाल्ली. चिपळूणला उकाडा कसा आहे? इथे संध्याकाळी खाडीवरून वारा येतो, आणि त्यात काय काय वास असतात ते तुला सांगायला नको. शेजारचे दिनानाथ आणि भागीरथीवहिनी तुझी रोज आठवण काढतात.

तर बातमी अशी, की परवा रविवारी तुझा बाप एकसष्टाव्या वर्षी डोंगरावरून सायकलने खाली आला. हसू नकोस. माझं डोकं फिरलेलं नाही. अधिक महिना चालू आहे आणि जावयाला वाण द्यायचं राहिलं होतं, एवढंच त्याचं कारण.

तुझी आई असती तर तिने सगळं रीतीनं केलं असतं. भागीरथीवहिनींनी मोठ्या मनाने तेहेतीस अनारसे तळून दिले, जाळीदार, खसखस लावलेले. मी सुभाषरावांना फोन केला, म्हटलं, रविवारी जेवायला या. ते म्हणाले, "बाबा, रविवारी आमची ट्रिप आहे. तुम्हीच या ना! वाण तिथेच द्या. आणि चारूचंही निवांत बोलू." तू पंधरा दिवसांसाठी म्हणून मावशीकडे गेलीस त्याला आता तीन महिने होतील. मलाही बोलायचंच होतं. आणि अधिकात जावयाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, येतो. मला वाटलं, ट्रिप म्हणजे कुठेतरी झाडाखाली सतरंजी, पत्ते आणि बटाटेवडे.

झाडही नव्हतं आणि सतरंजीही नव्हती. सकाळी सहाला बेलापूरला कचेऱ्यांच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिलो, तर समोर सायकली! त्यांचा हा नाद तुला ठाऊक आहेच. कंपनीतल्या कुणा जर्मन साहेबाने परत जाताना सोडून दिलेल्या जाड टायरच्या सायकली त्यांच्या हाती लागल्या. आता त्यांचा रीतसर क्लब आहे, गळ्यात शिट्टी आहे, आणि दर रविवारी नवशिक्यांना डोंगरावर नेऊन खाली सोडायचा कार्यक्रम आहे. तिकडे परदेशात म्हणे लोक हौसेने असं करतात. करोत बापडे. त्यांच्याकडे रस्ते कमी असतील.

त्या सायकलीला कॅरियर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. ती उभी राहत नाही, आडवी पाडून ठेवावी लागते. मी अनारशांचा डबा बांधायला सुतळी नेली होती. डबा शेवटी जीपमध्ये डिझेलच्या कॅनशेजारी ठेवला. डोक्यात घालायला एका बिल्डरच्या साइटवरून मागून आणलेल्या पिवळ्या टोप्या. माझ्या टोपीत आतून दुसऱ्या कुणाचं तरी खोबरेल तेल होतं, आणि तेही ताजं नव्हतं. मी आत रुमाल घातला, तर रुमालच फेकून द्यावा लागला. न्याहरीला पाव आणि सोललेली उकडलेली अंडी, एकाच पिशवीत, घामेजलेली. मी नुसतं पाणी मागितलं तर ग्लुकोज घातलेलं गोड मिट्ट पाणी दिलं. सकाळी सहा वाजता!

आम्ही नवशिके चार. बेलापूरचा एक वकील, दोन तरुण कारकून आणि मी. वकिलाने इतकी आखूड चड्डी घातली होती की त्याच्या मागे राहण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून मी देवाची प्रार्थना केली. माझ्या पँटचे पाय सुभाषरावांनी स्वतः वाकून रबराने बांधले. चार लोकांत जावई पायाशी वाकलेला बघून मला कसंनुसं झालं. अधिकात आपण त्यांच्या पाया पडायचं, तर हे उलटंच. वकील म्हणाला, "नशीबवान आहात हो, असा जावई मिळाला." मीही मान डोलावली.

खडीच्या खाणीच्या रस्त्याने जीप आम्हाला वर घेऊन गेली. वरून सगळी नवी मुंबई दिसते म्हणतात. मला धूळ दिसली. मग शिकवणी सुरू. "पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. दोन्ही अर्धे अर्धे धरायचे. सीटवर बसायचं नाही, ढुंगण मागे घ्यायचं." हे वाक्य जावयाने सासऱ्याला म्हणायचं आणि सासऱ्याने "हो हो" म्हणून ते करून दाखवायचं! मी गिरगावात पंधरा वर्षं सायकल चालवली, पण अशी माकडासारखी लोंबकळून नाही. "बाबा, टेन्शन घेऊ नका, एकदम इझी आहे," असं ते चारदा म्हणाले. जे इझी असतं ते चारदा सांगावं लागत नाही.

वाट म्हणजे बकऱ्यांची. सुटी खडी, सुकलेलं गवत, मधेच घळ. सायकल खडखडली की दातांची कवळी टाळूवर आपटत होती. शेवटी काढून खिशात घातली. माशा तोंडात जातात म्हणून तोंड मिटायचं, तर श्वास कुठून घ्यायचा? वकील पुढे "याहू!" करून ओरडत होता. पन्नाशीच्या माणसाने असं ओरडलेलं मला आवडत नाही. अर्ध्या वाटेत मी एकदा उतरलो. सुभाषराव परत वर आले, त्यांनी मला पुन्हा सायकलवर बसवलं आणि मी खाली पोचलो. किरकोळ खरचटलंय. खाली एका साप्ताहिकाच्या माणसाने आमचा फोटो काढला, मी अनारशांचं वाण दिलं आणि घरी आलो. दोन दिवस बसता येत नाहीये, म्हणून हे ओट्यापाशी उभ्याने लिहितोय.

तुझ्याबद्दलही बोलणं झालं. सुभाषरावांचा निरोप आहे की दहा तारखेच्या आत ये. मलाही वाटतं, पाऊस लागला की घाटात एसटी अडकतात, त्याआधी आलेलं बरं. शेवटी ते तुझं घर आहे. शांतपणे विचार कर.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझा,
बाबा

चारू,

हे पाकीट टाकायला मघाशी खाली उतरलो होतो. न टाकताच परत आलो, आणि आता ते फोडून पुढे लिहितोय.

झालं असं. एवढ्या उकाड्यात मी आज घरात शोधून शोधून पूर्ण बाह्यांचा शर्ट काढला, पांढरा, तुझ्या लग्नातला. का काढतोय असं मी स्वतःला विचारलंही नाही. जिन्यात दिनानाथ भेटला. म्हणाला, "काय हो, मे महिन्यात पूर्ण बाह्या?" आणि माझ्या तोंडून लगेच निघालं, "बाकीचे धुवायला टाकलेत." एक क्षणसुद्धा अडखळलो नाही. दोन पायऱ्या उतरलो आणि कठडा धरून उभाच राहिलो.

संक्रांतीला तू हळदीकुंकवाला आलीस तेव्हा लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलं होतंस. भागीरथीवहिनींनी विचारलं, तर तू हसून म्हणालीस, "हल्ली हीच फॅशन आहे." तूही अडखळली नव्हतीस.

मी अर्ध्या वाटेत उतरलो, एवढंच वर लिहिलंय. खरं सगळं लिहितो.

मी घाबरलो होतो. समोर घळ आली, पुढचा ब्रेक दाबला गेला, सायकल उभी राहिली आणि मी खडीत बसलो. बाकीचे वळणापलीकडे गेले होते. खाली तो फोटोवाला उभा होता, सगळे एकत्र उतरताना त्याला फोटो पाहिजे होता. मी म्हटलं, मी सायकल हातात धरून चालत येतो. सुभाषराव वर आले. आजूबाजूला कुणी नाही हे त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे. चारू, त्यांचा तो हसरा चेहरा गेलेला मी पहिल्यांदा पाहिला. ओरडले नाहीत. आवाज उलट खाली गेला. माझा दंड धरला आणि अशी पकड घट्ट करत नेली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "उठा. चार लोकांत माझी शोभा करू नका. मी एकदाच सांगत असतो."

मी उठलो. म्हाताऱ्या माणसाने आपल्या मानाने उठावं तसं नाही, शाळेत मार बसलेलं पोर उठतं तसं उठलो.

त्यांना माहीत नव्हतं, पण तिथे एक बाई होती. शेवंताबाई म्हणून, खालच्या गावची, करवंदं काढायला आली होती. ती जाळीआडून बाहेर आली तेव्हा सुभाषराव शिट्टी वाजवत पुढे निघून गेले होते. तिने मला सायकल सरळ करून दिली. विचारलं, "आजोबा, कोन लागतो तो तुमचा?"

मी म्हटलं, "जावई आहेत आमचे."

ती म्हणाली, "मंग पोर कुटं हाय तुमची?"

मी म्हटलं, "तिच्या मावशीकडे." तिने पुढे काही विचारलं नाही. ओंजळभर करवंदं माझ्या खिशात घातली आणि गेली. ती करवंदं कवळीबरोबर चिरडली, पँट अजून भिजत घातली आहे.

खाली पोचलो तर सुभाषरावांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "आमचे बाबा ग्रेट आहेत!" माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. स्वतःच्या हाताने मला ग्लुकोजचं पाणी पाजलं. वकील पुन्हा म्हणाला, नशीबवान आहात. आणि मी त्या फोटोत हसलो आहे, चारू. कवळी नसताना तोंड भरून हसलो आहे. साप्ताहिकात छापून येईल तेव्हा तू पाहशील. मग जीपमधून डबा काढला, त्यांना कुंकू लावलं, वाण दिलं आणि वाकून नमस्कार केला. लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून देतात ते वाण. थोड्याच वेळापूर्वी ज्या हाताने माझा दंड आवळला होता त्याच हातात दिलं. त्यांनी तिथेच एक अनारसा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चारूला सांगा, दहा तारखेच्या आत. मी एकदाच सांगत असतो." घरी येऊन मी ओकलो. ऊन आणि ते गोड पाणी बाधलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. पण दोन दिवस मी तुला काय लिहायचं ठरवत होतो? की ये. दहाच्या आत ये.

मला स्वतःची किळस येते आहे. टोपीतल्या तेलाची, त्या अंड्यांची आली होती त्याहून कितीतरी जास्त.

आज आंघोळ करताना आरशात दंड पाहिला. बाहेरून चार बोटं आणि आतून अंगठा. काळंनिळं झालंय. दोन दिवस हात हलवला की दुखतोय. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली.

मी तुला काही विचारणार नाही. केव्हा, कशावरून, किती वेळा, काही नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. आपल्यात पोरीला नांदायला पाठवतात, परत आणत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. सोसायटीत काय बोलतील तेही मला आत्ताच ऐकू येतंय. बोलू देत. वर मी जो निरोप लिहिलाय तो खोडत नाही. तुझा बाप मंगळवारी दुपारपर्यंत काय लिहीत होता ते तुझ्याकडे राहू दे. पण तो निरोप मी मागे घेतो. ते तुझं घर आहे असं मी लिहिलं, तेही मागे घेतो.

मघाशी परत वर येऊन दिनानाथच्या दारावर थाप मारली. भागीरथीवहिनीही होत्या. मी बाही वर केली आणि म्हटलं, "जिन्यात खोटं बोललो." दिनानाथ खाली बसला. वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग दिनानाथ म्हणाला, "टेंपो मी बघतो."

गुरुवारी आम्ही बेलापूरला त्याच्या घरी जातोय. सुभाषला समोर बसवून सांगणार आहे, की तुझं सामान आम्ही नेतोय. भीती वाटते का? वाटते. त्या उतारावर वाटली होती तेवढीच वाटते. पण दिनानाथ बरोबर आहे, टेंपोवाला आहे, आणि जिन्यात शेजारपाजारचे उभे राहतील अशा वेळी, संध्याकाळी जाणार आहे. चार लोकांत शोभा होऊ नये असं त्याला वाटतं ना? मग चार लोक असू देत.

शनिवारी चिपळूणला येतो. मालतीमावशीला सांग, माझ्यासाठी काही खास करू नकोस, भात आणि कढी पुरे. तुझं सामान काय काय आणायचं ते कळवायला आता वेळ नाही, म्हणून सगळंच वाशीला आणतो. कपाटाची किल्ली तुझ्याकडे असेल. असू दे. कपाटच उचलून आणतो.

तुझा बाप