एकोणचाळीस चिमटे

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणचाळीस! तीनदा मोजले. डबा उपडा केला, कपाटाचा कोपरान्‌कोपरा चाचपला. एकोणचाळीसच.

वन्संच्या कपाटातून दोऱ्याचं रीळ काढताना त्यांच्या डब्याला धक्का लागला आणि चिमटे सांडले. पॅराशूटची घडी घालताना कापड सरकू नये म्हणून लावतो ते, लाल प्लास्टिकचे. प्रत्येकीला चाळीस. घडी झाली की सगळे डब्यात परत यायला हवेत. एकीनं दुसरीचा डबा मोजायचा आणि वहीत सही करायची, असा नियम. वन्संचा डबा मी मोजते. म्हणजे सही करते. अकरा वर्षांत एकदाही मोजलेला नाही!

मोजणार कशी? यांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं. मला या कामाला त्यांनीच चिकटवलं, मशीनवर हात धरून शिकवलं. त्यांच्यासमोर बसून एक-दोन-तीन करायचं? म्हणजे तोंडावर संशयच घेणं की!

गेल्या गुरुवारी मोठ्या पॅराशूटची घडी आम्ही दोघींनी घातली. आता ते दाबयंत्रात आहे. लाकडासारखं टणक होईपर्यंत दाबतात. मग ते अवकाशयानाच्या कुपीत बसणार आणि परत येताना त्याच्या भरवशावर चार माणसं खाली उतरणार.



१२ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत वन्संना विचारलं. हळूच.

“माझा डबा मोजलास तू?”

सांडला होता, म्हटलं.

“असेल कुठेतरी. खिशात राहतो कधी कधी.” आणि अर्धं जेवण टाकून उठल्या.

आमच्या कामाच्या कपड्यांना खिसे नसतात. मुद्दामच नसतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिमटा नखाएवढा. एक्स-रे काढला तरी प्लास्टिक दिसणार नाही. आज दोनदा सुई बोटात गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

यांना सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, “ताई दीड महिन्यात रिटायर होतेय. तिला मानानं जाऊ दे.”

घडीत चिमटा अडकला तर कापड उघडणार नाही, म्हटलं.

“तर! कसल्या तर-बिरच्या गोष्टी करतेस? पडलाही असेल बाहेर कुठे.”

खरंय, असेलही. पण वन्संना डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही, हे यांना माहीत नाही. वर्षभर त्यांच्या सुईत दोरा मी ओवून देतेय. “कुणाला बोलू नकोस गं,” म्हणाल्या होत्या. नाही बोलले. मोठी गुणाची भावजय!

१७ फेब्रुवारी, सोमवार

जाणाऱ्या चौघांना आज आमचं दालन दाखवायला आणलं होतं. बाहेरच्या काचेतून. त्यांच्यातली एक डॉक्टर आहे, ठेंगणी, हसरी. काचेवर टकटक करून खुणेनं विचारलं, हे तुम्ही केलं? वन्संनी मान डोलावली. तिनं दोन्ही हात जोडले, मग गालाखाली हात ठेवून डोळे मिटले. म्हणजे, आता निवांत झोपते.

वन्संचे डोळे भरून आले. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

भिंगसाहेबांकडे गेले. (तपासणी विभागाचे साहेब. गळ्यात सदा भिंग, म्हणून सगळे तसंच म्हणतात.) चिमट्याचं सांगितलं, न मोजता केलेल्या सह्यांचं सांगितलं, डोळ्याचंही सांगितलं. एकदा सुरू झाले आणि थांबताच येईना. त्यांनी सह्यांची वही उघडून मागची पानं चाळली. शेवटी फक्त, “अकरा वर्षं?”

दुपारी दाबयंत्र थांबवलं. यानाचं उड्डाण तीन आठवडे पुढे ढकललं. वन्संना घडीच्या टेबलावरून उठवलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. “मला आधी सांगायचंस. मी स्वतः गेले असते गं.”

गेल्या असत्या का? असत्या बहुतेक. मी विचारायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे बोलत नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस लागले सगळी घडी उलगडायला. चिमटा आत नव्हता! टेबलाच्या चाकाच्या खाचेत सापडला, मळून काळा-मिचकूट झालेला. सफाईवाल्या मावशींनी काढून दिला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा गाजावाजा केला, घराचे दोन तुकडे केले, वन्संच्या तीस वर्षांच्या नोकरीवर शेवटी डाग लावला, तो कशासाठी? हे म्हणाले, “झालं समाधान?” मंगळवारनंतरचं पहिलं वाक्य.



२४ फेब्रुवारी, सोमवार

नवी घडी घालण्याआधी पॅराशूटच्या सगळ्या दोऱ्या पुन्हा तपासायच्या होत्या. वन्संना तेवढंच काम दिलं होतं. डोळे मिटून, बोटांनी एकेक दोरी चाचपत होत्या. मध्येच थांबल्या. मला हाक मारली — सहा दिवसांनी! माझं बोट धरून दोरीच्या टोकावर टेकवलं. तिथं शिवणीच्या दोन रांगा हव्यात. एकच होती, तीही अर्धी. जरा ओढलं तर टाके उसवले.

कापडावर शिवणारीची सही माझी. तपासणारीची वन्संची.

“तुझं काम कधी तपासलंच नाही मी,” म्हणाल्या. “तुझ्यावर कसला संशय घ्यायचा?”

या टेबलावरच्या अकरा वर्षांच्या दोऱ्या मी शिवल्यात. त्याच दोऱ्यांच्या भरवशावर उतरणारी दोन यानं आत्ता वर आहेत. माणसांसकट.