बोट नातीला, बादली क्लबाला

मी, या धक्क्यावर "कप्तानांची बायको" म्हणून ओळखली जाणारी, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी (तीही अर्धीच, मग मशीनवर बसवलं), हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणतात, गुडघ्यांचं कायदा विचारत नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही, कुणी फूस लावलेली नाही. मी हे मोठ्या आनंदाने लिहिते आहे. सकाळपासून हसू आवरत नाही, म्हणून अक्षर हललं आहे, ते गोड मानून घ्यावं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तरी ते वाया गेलं असतं, कारण तेव्हा मी मवाळ होते.

कलम पहिलं. शिवणातून साठवलेले पैसे आणि बांगड्या सुनेला. थोरल्या मुलाला नाही, सुनेला. तिने त्याचं काय केलं हे थोरल्याने विचारू नये, आणि विचारलं तर तिने सांगू नये.

कलम दुसरं. शिवणाचं मशीन ज्या मुलीला शिवण शिकायचं असेल तिला वकीलबाईंनी द्यावं. तेल आठवणीने घालायचं. दोर ओढायचे माझे हातमोजे मात्र नणंदेला. "वहिनीचं काय, नवऱ्याच्या जिवावर बसून समुद्र फिरते," असं त्या नात्यागोत्यात सांगत असतात. त्यांनी हातमोजे उलटे करून आतून बघावेत. डाग मी मुद्दाम धुतलेले नाहीत.

कलम तिसरं, बोट. हे जरा लांबेल.

घर ह्यांचं आहे, त्यावर माझा शब्द चालत नाही. बोट माझी. आईने माझ्यासाठी ठेवलेला जमिनीचा तुकडा विकून घेतली, कागद माझ्या नावावर झाला. तेव्हा आमचे हे म्हणाले, "कागद कुणाच्याही नावावर असू दे, चालवणार मी." दुसऱ्याच दिवशी सोनेरी काठाची टोपी आणली. मी होडी म्हटलं की म्हणायचे, "होडी नाही, यॉट म्हण." आता रंगाचं दुकान चालवलेल्या माणसाला कप्तान म्हणायला मी शिकले, तर होडीला यॉट म्हणायला काय हरकत? म्हटलं.

ह्यांनी दुकान बंद केल्यापासून दर वर्षी थंडी सरली की आम्ही दोघं निघायचो. किनारा डाव्या हाताला ठेवून खाली जायचं, उजव्या हाताला ठेवून परत यायचं. खोटं का बोलू, सुखाचे दिवस होते. सकाळी नांगर उचलायचा, दुपारी एखाद्या खाडीत टाकायचा. दोरावर ह्यांचे पायजमे वाळत, त्यांनाही वारा भरे. केबिन एवढीशी की एकाने वळायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. पण सुकाणूला हात लावायची मला बंदी होती. "अगं, दोर धर. अगं, सोड! अगं, तो नाही, तो!" घरी वर्षभरात जेवढं "अगं" होत नसे, तेवढं एका खाडीत व्हायचं.

मग ती भूशिराजवळची दुपार. वारा एकाएकी फिरला. शिडाखालचा आडवा वासा ह्यांच्या डोक्यावरून सूं करून गेला. लागला नाही, नुसता गेला. हे खाली केबिनमध्ये उतरले ते उतरलेच. निळी बादली मांडीवर घेतली, बाकाचा पाय धरला आणि आईला हाका मारू लागले. सासूबाईंना जाऊन तेव्हा एक पिढी लोटली होती.

सुकाणू मोकळं. मी धरलं. दुसरं होतंच कोण? जन्मभर कापड हाताळलं आहे. फडफडलं तर ढिलं आहे, करकरलं तर उसवणार, एवढं मला कळतं. शीड निम्मं खाली घेतलं आणि तेवढ्यावर बोट बंदराच्या तोंडाशी आणली. आतलं पाणी शांत लागलं तशी केबिनची झडप उघडली. हे वर आले. केस विंचरलेले, डोक्यावर टोपी. म्हणाले, "सरक."

मी सरकले.

धक्क्यावर माणसं जमली होती. ह्यांनी बोट लावली आणि म्हणाले, "एकट्याने आणली. ही आत रडत होती." टाळ्या पडल्या. चारचौघांत नवऱ्याची लाज काढायची नाही असं माझं वळण, म्हणून गप्प बसले. म्हटलं, वर्षभरात विसरतील. कसले विसरतात! धक्क्यावरच्या बोटवाल्यांच्या क्लबाच्या दर जेवणात गोष्ट नव्याने. पहिल्या वर्षी लाट माणसाएवढी होती, आता ती डोलकाठीच्या वर गेली आहे. माझं रडणंही वाढलं. हल्ली मी बेशुद्ध पडते.

तेही चालवून घेतलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात नात म्हणाली, "आजी, मला बोट चालवायला शिकवा म्हण ना आजोबांना." थोरला पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "कशाला? आजीसारखी रडत बसशील. आपल्या घरातल्या बायकांना समुद्र झेपत नाही." नात माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आजी काहीतरी बोलेल. मी भाजी निवडत होते, ती निवडत राहिले. पोरीने पुन्हा विषय काढला नाही. त्या दिवशी माझ्यातलं मवाळ होतं नव्हतं ते संपलं.

सबब, बोट, शिडं, नांगर आणि दोरांसह सर्वस्वी नातीला. कप्तान ती. आजोबांना बोटीवर घ्यायचं की नाही हे तिने ठरवावं. घेतलंच तर दोर धरायला. "अहो आजोबा, तो नाही, तो!" असं तिने खाडीभर ऐकू जाईल असं म्हणावं. सुकाणूला त्यांचं बोट लागता कामा नये.

कलम चौथं. थोरल्याला माझं लाइफ जॅकेट. लेक बोट घेऊन निघेल तेव्हा ते घालून त्याने धक्क्यावर उभं राहावं. त्याला पाण्याची भीती वाटते. लहानपणी अंघोळीच्या वेळी त्याला धरायला दोन माणसं लागायची.

कलम पाचवं. ती निळी बादली मी माळ्यावर जपून ठेवली आहे. ती क्लबाला. जेवणाच्या खोलीत ह्यांच्या नावाची पाटी आहे, "एकट्याने, वादळातून". तिच्या बरोबर खाली खिळा मारून बादली टांगावी. खिळा माझ्याकडून. कुणी विचारलं ही कसली, तर कलम तिसरं मोठ्याने वाचावं. जेवणाआधी नको, नंतर.

कलम सहावं. हे सह्यांच्या वेळी, सर्वांदेखत वाढवलं आहे.

एक साक्षीदार कमी पडला. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ज्याला यातून काही मिळत नाही असा माणूस हवा." मी म्हटलं, "मग आमचे हे आहेत की! खाली गाडीत बसलेत." नात जाऊन घेऊन आली. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराने वाचायची गरज नाही. पण हे म्हणाले, "आण इकडे, मीच वाचतो. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." आणि क्लबातला आवाज लावला.

गुडघ्यांना हसले. हातमोज्यांना "अगं, काय हे" म्हणाले. "सरक" पाशी थांबले. पहिला साक्षीदार, धक्क्यावरचा डिझेलवाला, छताकडे बघू लागला. मी म्हटलं, "वाचा ना. का वारा पडला?"

वाचलं. खालच्या आवाजात, पण शेवटपर्यंत, खिळ्यासकट.

नात म्हणाली, "आजोबा, आजी खरंच रडत होती?"

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "नाही. गात होती. खाली ऐकू येत होतं."

गात होते, हे मी पार विसरले होते.

आता कुणाला वाटेल, म्हातारीला पाझर फुटला. फुटला नाही. एकही कलम बदललेलं नाही. उलट त्यांचं वाक्य जसंच्या तसं वर उतरवून घेतलं आहे, म्हणजे त्याच्याखाली त्यांची सही येईल.

ठिकाण: वकीलबाईंची खोली, धक्क्यासमोर, दुसरा मजला.
दिनांक: शिक्क्यावर आहे तो. बाहेर भरती.

मृत्युपत्र करणार: (सही) आजी

साक्षीदार पहिला: (सही) धक्क्यावरचा डिझेलवाला

साक्षीदार दुसरा: (सही) मृत्युपत्र करणारीचा नवरा. सहीपुढे "कप्तान" असं लिहिलेलं खोडलं आहे. साक्षीदाराने ते कुणी न सांगता स्वतःच्या हाताने खोडलं असून, नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी त्याची वेगळी सही घेतली आहे.