गिलावा नसलेलं घर

१८ नोव्हेंबर
हर्सूलच्या घराचं काम मिळालं. मालक कडुबा आणि सखूबाई. जन्म मेंढरांमागे गेला, आता मुलगा वाळूजला कंपनीत आहे. ड्रॉइंग दाखवलं: उघडा काळा दगड, गिलावा नाही, रंग नाही. कडुबा म्हणाला, “भारी हाये, साहेब. फक्त म्होरं दोन खांब टाका. वर हत्ती.” तासभर समजावलं. त्यानं मान हलवली. पटलं. लोकांना अभिरुची असतेच, कुणीतरी जागी करावी लागते.

२० जानेवारी, दुपार
सखूबाईंनी विचारलं, घर पुरं कधी होणार? म्हटलं, भिंती झाल्याच की! त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

९ मार्च
कडुबानं मोबाइलवर व्याह्याचं घर दाखवलं. जांभळं, टाइल्स, स्टीलचं रेलिंग. “रस्त्यानं जानारा थांबून बघतो, साहेब.” म्हटलं, अपघातही थांबून बघतात. कुणी हसलं नाही. बायकोला, तनुजाला सांगितलं, तर म्हणाली, त्या घराचा फोटो पाठव बरं. थकलोय.
निर्धार: तडजोड नाही. (खांब एकवेळ चालतील. बिनहत्तीचे.)

२ एप्रिल
फोटोग्राफर घेऊन साइटवर गेलो. दगड गायब! पुंडलिक मिस्त्रीनं अख्खा गिलावा करून टाकलेला. ओरडलो. तो म्हणाला, “मावशी रडल्या, साहेब.” मग सखूबाईच पुढं आल्या. “जल्मभर रानात दगडं रचून त्याच्याआड निजले. पाव्हणा येतो म्हनलं की लाज वाटायची. आता घरातबी तीच दगडं व्हय?”
माझ्याकडे उत्तर होतं. लांब आहे, लेखात मांडीन. फोटोग्राफरला चहा पाजून परत पाठवलं.

३० एप्रिल
वास्तुशांत. खांब चार, हत्ती दोन. रंग जांभळा. सखूबाई एकेकीला आत नेऊन भिंतीवरून हात फिरवायला लावत होत्या. इतक्या खुशीत त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शाल मलाही मिळाली, पुंडलिकनंतर. तिघांनी विचारलं, डिझाइन कुणाचं? मी नम्रपणे गप्प राहिलो. त्यांनी पुंडलिकचा नंबर घेतला. तनुजानंही.

५ मे, सकाळ
पुंडलिक घरी आला. आमच्या हॉलला फॉल्स सीलिंग, निळे लाइट. माझा विरोध मी स्पष्ट नोंदवला. मनात. “साहेब, जरा धरता का?” म्हणाला. टेपचं दुसरं टोक धरलं.
“थोडं वर,” तनुजा म्हणाली.
वर केलं.