बाथरूमचा नळ कुणी दुरुस्त केला

प्रिय साहेब,

पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून ‘प्रिय’. फार मनावर घेऊ नकोस. आणि तुला सगळे साहेब म्हणतात, तेव्हा माजी बायकोनेही म्हटलेलं बरं. काल तुला टीव्हीवर पाहिलं. कोट नवा होता, आतला माणूस जुनाच. आमच्या हक्काच्या पाण्याचा एक थेंबही खाली जाऊ देणार नाही, असं तू बोट हलवून सांगत होतास. ज्याला दात घासताना नळ बंद करायचं भान नसायचं, तो आता अख्खी नदी बंद करून बसलाय, हे पाहून मला हसू आलं. आपली लेक मात्र हसली नाही. ती हॉस्पिटलमधून नुकतीच आली होती, पायातले बूटही काढले नव्हते. तुझं भाषण संपेपर्यंत ती दारातच उभी राहिली आणि मग न जेवता झोपायला गेली.

पुलाजवळची नदी मंडळाची ती इमारत तुला आठवत असेल. एक दार तुमच्या देशाकडून, एक आमच्या देशाकडून, आणि मध्ये एकच खोली, एकच लांब टेबल. नवीन लग्न झालं तेव्हा आपण सकाळी एका घरातून निघायचो आणि वेगवेगळ्या दारांनी आत जाऊन समोरासमोर बसायचो. महिन्यातून एकदा दोन्हीकडची माणसं एकाच होडीतून नदीचं पाणी मोजायची आणि एकाच कागदावर सह्या करायची. भांडणंही व्हायची, अगदी टेबल बडवून. पण ती त्या खोलीतच संपायची, कारण चहाची किटली एकच होती आणि गार झालेला चहा कुणालाच आवडत नसे. इतक्या साध्या व्यवस्थेवर दोन देश इतकी वर्षं सुखाने नांदले. ती मोडायला तुझ्यासारखा विद्वानच लागला.

नव्या धरणाचं वेळापत्रक घेऊन तू आलास तो दिवस मी विसरलेले नाही. दोन वर्षांत धरण काठोकाठ भरू आणि खालच्यांना काही कमी पडणार नाही, असं तू ऐटीत वाचून दाखवलंस. उपनदीचं पाणी तू बेरजेत दोनदा धरलं होतंस. शाळेतल्या पोराने करावी अशी चूक. मी ती सगळ्यांसमोर दाखवली, कारण पाणीही सगळ्यांचंच होतं. कोपऱ्यातला तुमचाच कारकून खुदकन हसला, आणि तू फायली उचलून तुमच्या दाराने बाहेर पडलास. त्यानंतर तू त्या टेबलावर आला नाहीस आणि घरीही आला नाहीस. मी माफी मागावी म्हणून तू निरोप पाठवत राहिलास. बेरीज बरोबर केल्याबद्दल माफी मागायची असते, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

आता बघ काय झालंय ते. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मंडळाला कुलूप लागलं. तुम्ही धरणाची दारं बंद केलीत. आमच्या शहराला पाणी ओढणारा पाइप चिखलात उघडा पडलाय. लेकीच्या वॉर्डात मूत्रपिंडाच्या रोग्यांचं रक्त शुद्ध करणारी यंत्रं आहेत, त्यांना पाणी पुरत नाही म्हणून ती रोज कुणाला तरी दारातून परत पाठवते. पुलाच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती रचून सैनिक बसलेत. आमचे मंत्रीही तुझ्याच माळेतले मणी. रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू, असं ते हिरव्यागार लॉनवर उभं राहून सांगतात, आणि मागे माळी पाइपने पाणी मारत असतो. या रक्तात त्यांचा किंवा तुझा थेंब असणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

परवा मला आपल्या बाथरूमच्या नळाची आठवण झाली. तो किती दिवस गळत होता. वॉशर बदलायला हवा म्हटलं की तू नळात दोषच नाही म्हणायचास, आणि मी खाली ठेवलेली बादली पाहून रागवायचास. शेवटी तू दौऱ्यावर गेल्यावर मी प्लंबरला बोलावलं. परत आल्यावर पाहुण्यांसमोर तू सांगितलंस की नळ तू स्वतः दुरुस्त केलास, पानासुद्धा न वापरता. तू ते खरंच मानत होतास. मी पाहुण्यांना चहा दिला. मला तुझी इतकी कीव कधीच आली नव्हती. पण नळ गळायचा थांबला होता.

म्हणून हे पत्र. उद्या कुलूप काढून त्याच टेबलावर शेवटची बैठक आहे, आणि ती फिसकटली तर परवा पुलावर काय होईल ते तुलाही ठाऊक आहे. उद्या मी सगळ्यांसमोर उभी राहीन आणि म्हणेन की त्या दिवशी तुझी बेरीज बरोबर होती, चूक माझी होती, मी माफी मागते. आमचे लोक मला फितूर म्हणतील आणि मला काढून टाकतील, ते मी पाहून घेईन. तू थोडा वेळ गंभीर चेहरा कर, तो तुला छान जमतो, आणि मग मोठ्या मनाने जाहीर कर की धरण तू सावकाश, पाच वर्षांत भरणार आहेस आणि दारं लगेच उघडणार आहेस. नवं वेळापत्रक सोबत ठेवलंय. उपनदीचं पाणी त्यात एकदाच धरलंय. तुझ्या अक्षरात उतरवून घे आणि नाव तुझंच घाल. शेवटी आपलं घर सोडताना मी एकच गोष्ट सोबत आणली होती, मी बरोबर होते ही. ती उद्या तुला देऊन टाकते. मला अजूनही तुझा तिटकाराच आहे, यात गैरसमज नको. पण लेकीला यापुढे कुणाला दारातून परत पाठवावं लागू नये. तू तुझ्या थोरवीबद्दल बोलत असशील तेव्हा मी खाली मान घालून सगळ्यांना चहा देत असेन.

तुझीच, उद्या दुपारपुरती