मधला पीस

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२८ डिसेंबर

बाबा,

नमस्कार करते. कार्यक्रम कसा झाला, असं तुम्ही आईला फोनवर विचारलंत. तिने तो प्रश्न माझ्याकडे सरकवला आणि पाच दिवस झाले, मला उत्तर देता आलेलं नाही. फोनवर तुमचं बोलणंही आता नीट कळत नाही, म्हणून लिहितेय.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. बंटीची परीक्षा संपली. गावी थंडी असेल, पहाटे मफलर बांधत जा.

हॉल भरला होता. आम्ही चौघी पुढे, मागे वीस जणांचा जॅझ ऑर्केस्ट्रा, बहुतेक उत्तनजवळच्या डोंगरी-तारोडी गावांतले. ते जुनं नाताळचं गाणं आम्ही चार सुरांत गायलो. एकीचंही चुकलं नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फक्त दोन कडव्यांमधला ट्रम्पेटचा पीस कीबोर्डवर वाजला. ट्रम्पेटवाला शेवटपर्यंत मिळालाच नाही.



कार्यक्रम बसवणाऱ्या मुनीस सरांनी नोव्हेंबरातच सगळ्यांना विचारलं होतं, कोणाच्या ओळखीत ट्रम्पेटवाला आहे का. मी वहीत बघत बसले. घरी मात्र सहज बोलून गेले, की ट्रम्पेटवाचून अडलंय. आठवडाभराने बाथरूममधून मला तो पीस ऐकू आला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबला होतात, तरी एक सूर इकडचा तिकडे नव्हता. माझ्या मोबाईलवर ऐकून ऐकून बसवला होतात. बाहेर येऊन म्हणालात, "सरांना विचारशील? मी वरातीतल्या बँडचा ड्रेस घालणार नाही. साधा पांढरा शर्ट घालीन."

मी म्हटलं, "बाबा, तिथे नोटेशन वाचता यावं लागतं."

"बरं," म्हणालात, आणि ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलंत.

सरांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कामावरून माणूस लहानमोठा ठरत नाही, यावर कॉलेजात भाषण करून बक्षीस आणलेली.

कार्यक्रम संपल्यावर सॅक्सोफोनवाल्या अंकलना मी म्हटलं, तुमचं नोटेशन फार पक्कं असेल. ते हसायला लागले. "नोटेशन कोनाला येतंय, बाय? आमी लग्नात वाजवनारी मानसं. कानावर हाय सगलं."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तेव्हा ती बोलली. पुढचे दोन हलणारे दात काढायला डॉक्टरांनी गणपतीनंतरच सांगितलं होतं. ते गेले की ट्रम्पेट वाजवणं संपलं, कवळी लावूनही जमणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. आज-उद्या करत होतात, आणि पीस बसवायला घेतल्यावर डॉक्टरांकडून नाताळपर्यंत सवड मागून आला होतात. मी नोटेशनचं बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन दात काढून आलात. मला वाटलं, दुखत असतील.

माफी मागितली तर तुम्ही लगेच द्याल, म्हणून मागत नाही.

एकतीस तारखेला हाच कार्यक्रम उत्तनला पुन्हा आहे. काल तालमीत सगळ्यांसमोर मी सांगितलं, ट्रम्पेटवाला माझ्याच घरात होता, वरातीत वाजवतो म्हणून मी त्याला लपवलं. सर एवढंच म्हणाले, "मग आता बोलाव त्यांना." आता का नाही, तेही मी सगळ्यांसमोर सांगितलं.

चौघींपैकी कोणी आजारी पडलं तर, म्हणून मिनलला तयार ठेवलं होतं. माझी फाइल मी तिच्या हातात दिली. सरांनी यादीतलं माझं नाव खोडून तिचं लिहिलं, तोपर्यंत तिथे उभी राहिले आणि मग घरी आले. आई म्हणते, तुम्ही रागवाल, परत जा म्हणाल. रागवा. पण ते कालच झालं.

तुमचीच,
रुचिता