आमच्या गोदाने वाचलंय

कोपर, डोंबिवली पश्चिम
बुधवार

प्रिय स्टेला हिला गोदाचा नमस्कार. तुझी कंबर, गॅविनचा खोकला आणि नातवाची झोप ठिकाणावर असेल अशी आशा करते. घरच्या मरियामातेलाही माझा नमस्कार सांग. ती तरी अजून माझ्याशी बोलत असेल. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही. (रोवेना, सासूला हे सावकाश वाचून दाखव, आणि ती उठून निघाली तर पाठोपाठ जाऊन वाच.)

माझं ठीक आहे. हे गेल्यापासून घर फार नीटनेटकं राहतं, तेच अंगावर येतं. संकष्टी ह्यांची होती, ती आता मी धरते. देवाला त्याचा किती उपयोग ठाऊक नाही. चंद्र उगवायची वाट बघणारं घरात कुणीतरी असावं, एवढंच. बाकी आठवड्याला बुधवार हा एकच वार होता, कारण त्या दिवशी तू वसईहून म्हावऱ्याची टोपली घेऊन आमचा जिना चढायचीस. तो वार मी माझ्या तोंडाने घालवला. कसा, ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा ऐक.

नातवाच्या बाप्तिस्म्याला मी तुझ्याकडे आले आणि दुसऱ्या सकाळी बंदरावर ओरडा झाला, की वाळूत रुतलेल्या जहाजावरचे डबे फुटून माल किनाऱ्याला लागला. (डबे म्हटल्यावर मला आपले पिठाचे वाटले. एकेक डबा माझ्या खोलीएवढा, आणि दार माझ्यापेक्षा मजबूत.) गोणी फाडली तर आत साबुदाणा. पांढरा, गोल, इतका स्वच्छ की वाण्याकडे जन्मात बघितला नाही. तिथेच शंका यायला हवी होती. बायकांनी मला पुढे ढकललं, कारण आमची गोदा शाळेत न जाता जाडजाड पुस्तकं वाचते, हे तूच सगळ्या बंदराला सांगून ठेवलेलं. वाचते, खरं आहे. ह्यांनी पुड्यांच्या कागदांवर अक्षरं शिकवली, पुढे मराठी मी कादंबऱ्यांपर्यंत ओढत नेली. इंग्रजी मात्र स्टेशनच्या पाट्या आणि बिस्किटांच्या पुड्यांपाशी थांबली. गोणीवर बरंच काही लिहिलेलं, त्यातलं ‘फूड’ मला लागलं. पुढे ‘ग्रेड’ होतं, तेही लागलं. इमारतीतली मुलं परीक्षेत ग्रेड आणतात. मी जाहीर केलं, “खायचंच आहे, आणि वरच्या दर्जाचं आहे.” माझ्या वाचण्यावर इतकी माणसं हलली, असं पहिल्यांदाच झालं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. हे बघायला हवे होते, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी, म्हणून पिशवीभर घेऊन मी दुपारच्या गाडीने परत आले आणि भिजत घातला. सकाळी बघते तर जसाच्या तसा. शेजारची मंदाकिनी म्हणाली, “जुना असेल, कोमट पाणी घाला.” घातलं. साबुदाणा आंघोळ केल्यासारखा चकचकीत झाला, फुगला नाही. शेवटी तुपाजिऱ्यावर टाकला, दाण्याचं कूट घातलं, तेव्हा त्याचा एकच गोळा झाला आणि असा वास सुटला की मंदाकिनी दार बडवत आली, “गोदाताई, वायर जळतेय!” मी म्हटलं, खिचडी आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. उपास केळ्यावर काढला.

तेवढ्यात रोवेनाचा फोन आला. मी निघाल्यावर पंचनाम्याला साहेब आले आणि तू पदर खोचून गोण्यांवर बसलीस म्हणे. “जहाजाने आमची जाळी फाडली, तुम्ही मासेमारी बंद करून होड्या बांधून ठेवल्या, आता पोरांच्या तोंडचं पण न्या!” ते म्हणाले, “बाई, हे प्लास्टिक आहे, खाणं ठेवायचे डबे-पिशव्या करायचं.” आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “आमच्या गोदाने वाचलंय.” मग त्यांनी काडी ओढली, दाणा वितळून त्याची तार निघाली आणि अख्खं बंदर हसलं. वाचलं मी, हसले तुला. स्टेला, खिचडीची लाज मला वाटत नाही. तू माझ्या शब्दावर बसून राहिलीस आणि शेजारी मी नव्हते, ते घशाखाली उतरत नाही. माझं चुकलं.

तुझी
गोदा

ता. क. होड्या अजून बांधलेल्याच आहेत असं कळलं. टोपली रिकामी असली तरी ये. हे गेल्यावरही तू सवयीने जिन्यातून “दादा, घेता काय?” अशीच हाक घालायचीस आणि मग जीभ चावायचीस. मी कधी बोलले नाही, पण दार मुद्दाम उशिरा उघडायचे. आता ह्यांना हाक मारणारं दुसरं कुणी नाही.

आणखी एक. तू येत नाहीस म्हणून इमारतीत चौकशी झाली. आपलं भांडण लोकांना कशाला, म्हणून मी सांगितलं की स्टेलाचा पाय मुरगळलाय. तेव्हा येशील तेव्हा निदान मंदाकिनीचं दार ओलांडेपर्यंत जरा लंगड. डावा सांगितलाय.