ब्रेकमधली हवा, एकहाती

१९ एप्रिल
गाडीचा ब्रेक सॉफ्ट झालाय. दोनदा पाय मारल्याशिवाय लागत नाय. लाइनमध्ये हवा शिरली असणार. मेकॅनिक नको. वाळूजला ब्रेकच्या कंपनीत जन्म गेला आपला. टाइम ऑफिसला होतो, पण ब्रेक बनवणारे सगळे माझ्यासमोरूनच आत जायचे.

२० एप्रिल
व्हिडिओ पाहिला. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा नट सैल करून हवा सोडायची. एवढंच. सारजाला म्हणालो, तू दाब. तर शेजारच्या जब्बारभाईंसमोर म्हणाली, यांना टायरमधली हवा काढता येते, ब्रेकमधली नाय. जब्बारभाई लई हसले.
आजपासून बायकोशी बोलणं बंद. काम एकट्यानं करणार.

२२ एप्रिल, सकाळ
येत्या रविवारी फुलंब्रीला मेव्हण्याच्या पोरीचं लग्न. गाडीनंच जायचं. पेडल दाबलेलं राहावं म्हणून सीट आणि पेडलच्या मध्ये काठी ठोकली. आयडिया माझी.

दुपार
काठी निसटली आणि हॉर्नवर अडकली. गल्ली गोळा झाली. जब्बारभाई म्हणाले, भाईसाब, मैं पाँव मारतूं ना. नको म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२३ एप्रिल
नवी पद्धत. नटाला सलाइनची नळी, तिचं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत. आत जाऊन पाय मारायचा, पळत येऊन बघायचं. गुडघे सोडले तर प्रगती उत्तम. बाटली बॉनेटवर ठेवताना थोडं ऑइल सांडलं. उद्या पुसतो.

२४ एप्रिल
बॉनेटचा रंग निघाला. ब्रेक ऑइलनं रंग जातो, हे कंपनीत कुणी बोललं नव्हतं. बॉनेटखालच्या ब्रेकच्या टाकीत ऑइल भरत राहायचं असतं, हेही नाय. टाकी रिकामी होऊन उलट जास्त हवा शिरली. आधी पेडल अर्धं जायचं, आता पार तळाला. निदान फरक पडतोय.
सारजानं भावाला फोन केला, मला ऐकू येईल असा. आम्ही एसटीनं येऊ म्हणाली.

२५ एप्रिल
चाकाजवळ बसलो होतो. सारजा आली, न विचारता सीटवर बसली. आतून म्हणाली, सांगा कधी दाबू. इतक्या दिवसांतलं पहिलं बोलणं. मी म्हणालो, दाब. ती म्हणाली, दाबलं. मी म्हणालो, सोड. दूधवाला यायच्या आत चारी चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट. लई बरं वाटलं. ब्रेकमुळं.
तरी काम एकट्याचंच धरायचं. ती नुसती बसली होती.

२७ एप्रिल
फुलंब्रीपर्यंत ब्रेक एक नंबर. मांडवात विचारणाऱ्यांना सांगितलं, न विचारणाऱ्यांनाही. एकट्यानं केलं म्हणून. मेव्हण्यानं, म्हणजे बद्रीनाथनं, सारजाला विचारलं, खरं का? ती म्हणाली, व्हय तर, एकट्यानंच.
बद्रीनाथनं माझा हातच धरला. म्हणाला, दाजी, देवानंच धाडलं तुम्हाला. नवरी पोचवायच्या जीपचा ब्रेक तळाला जातोय. लग्नाच्या गडबडीत मेकॅनिक कुठून आणू?
नव्या सफारी सुटासकट जीपखाली गेलो. मंगलाष्टकं तिथूनच ऐकली. कुणीतरी वाकून अक्षता दिल्या, त्या टायरवर टाकल्या.
शेवटी सारजाला निरोप धाडला, जरा पाय दाबायला ये. उलट निरोप आला, पंगतीला बसलेय, येते.
लई सावकाश जेवली.